बाटलीतले टॉनिक आणि विहिरीतले मीठ

नायगाव स्थानकाबाहेर संध्याकाळी भाजी घेणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न हमखास असतो. "मावशी, मुळा एवढा जाड कसा? इंजेक्शन मारलंय की काय?" मावशींना तो आता सवयीचा झाला आहे. त्या जुडी पुढे सरकवतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

गिऱ्हाइकाच्या मनात भीती आहे ती 'हार्मोन'ची. गंमत अशी की, मुळा पिकवणाऱ्याच्या मनात त्याच हार्मोनबद्दल आशा असते. कृषी सेवा केंद्रातून तो 'टॉनिक' म्हणून एक बाटली आणतो, पंपात ओततो आणि फवारतो. एकाला वाटते, बाटलीने मुळा फुगला आणि आता तो आपल्याला बाधणार. दुसऱ्याला वाटते, बाटलीने मुळा फुगेल आणि चार पैसे सुटतील. दोघांचा विश्वास एकाच गोष्टीवर आहे. माझे म्हणणे असे की, जमिनीखाली पोसणाऱ्या पिकांच्या बाबतीत हा विश्वास बहुतेक वेळा फसवा आहे, आणि वसईसारख्या खाडीकाठच्या पट्ट्यात तो महागही पडतो. बाटलीकडे बघता बघता विहिरीकडे बघायचे राहून जाते.

आधी त्या इंजेक्शनचे बघू. लोकांच्या डोक्यात असते ते ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून त्याचा गैरवापर होतो, ही तक्रार जुनी आहे. त्याच कारणावरून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना त्याच्या उत्पादनास मनाई केली होती. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवणारे हे औषध असल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती मनाई रद्द केली. पण ऑक्सिटोसिन हे प्राण्यांचे हार्मोन आहे. नऊ अमिनो आम्लांची ती छोटी साखळी, आणि तिचा निरोप ऐकायला पेशीवर तिच्या मापाचे कुलूप लागते. मुळ्यात ते कुलूप नाही. पोटात गेलेच तर ती साखळी इतर प्रथिनांसारखी पचून जाते. शिवाय साधा हिशेब करा. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर धरले, तरी एका गुंठ्यात तीन हजारांवर मुळे बसतात. एकेकाला सुई टोचायला मजूर आणायचा कुठून? आणि त्याला मजुरी द्यायची कशातून?

मुळ्याची जाडी आधी त्याच्या जातीत असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा चेतकी' उन्हाळ्यातही ४०-४५ दिवसांत काढणीला येते. जपानमधल्या साकुराजिमा परिसरातला मुळा दहा-वीस किलो भरतो, तो त्याच्या वाणामुळे आणि तिथल्या ज्वालामुखीच्या मातीमुळे.

तरीही हार्मोनशिवाय मुळा पोसत नाही, हेही तितकेच खरे. फरक एवढाच की, ती हार्मोने, शेतकऱ्यांच्या भाषेत संजीवके, मुळा स्वतः तयार करतो. ती कशी काम करतात याचा एक सुरेख प्रयोग १९६४ मध्ये अमेरिकेत झाला. लूमिस आणि टॉरी या शास्त्रज्ञांनी मुळ्याची मुळे रोपापासून तोडून काचेच्या नळीत वाढवली. नुसते अन्न दिले तर मूळ लांब झाले, जाड झाले नाही. मग त्यांनी मुळाच्या कापलेल्या टोकातून, म्हणजे एरवी ज्या बाजूने पाल्याकडचा रस येतो त्या बाजूने, चार गोष्टी दिल्या: ऑक्सिन, सायटोकायनिन, इनोसिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ आणि भरपूर साखर. तेव्हा मुळाच्या आत वर्धक पेशींचे कडे तयार झाले आणि मूळ जाड होऊ लागले. यातली साखरेची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संजीवक हुकूम देते, पण कोठार भरायचे ते पानाने केलेल्या साखरेने. पान कोमेजलेले, पाणी खारट आणि ऊन अपुरे असेल, तर कितीही हुकूम सुटले तरी कोठार रिकामेच राहणार.

सायटोकायनिनचा शोध लागण्याच्या वाटेवर आपल्या किनाऱ्याच्या ओळखीची एक वस्तू आहे. अमेरिकेत एफ. सी. स्ट्यूअर्ड गाजराच्या गराच्या पेशी काचपात्रात वाढवू पाहत होते आणि त्या वाढत नव्हत्या. त्यांनी शहाळ्याचे पाणी घातले आणि पेशी भराभर विभागू लागल्या. शहाळ्याच्या पाण्यात कोवळ्या भ्रूणासाठी साठवलेली सायटोकायनिने असतात, हे पुढे सिद्ध झाले. किनाऱ्यावर शहाळे पिणारा प्रत्येक जण ही 'हार्मोने' आवडीने पितो आणि त्याला काही होत नाही. कच्च्या काकडीत, कोथिंबिरीत, गाजरात ती असतातच.

जमिनीखालच्या पिकाला निरोप पाठवायचे काम पाने करतात, हे बटाट्यात सर्वांत नीट समजले आहे. रात्री लांबल्या आणि गार झाल्या की बटाट्याच्या पानांतून निरोप निघतात. ते अन्नवाहिन्यांतून खाली जातात आणि जमिनीतल्या आडव्या फांदीचे टोक फुगू लागते. यातला एक निरोप म्हणजे 'बेल-५' नावाच्या जनुकाचा आरएनए. तो पानातून खाली प्रवास करतो आणि त्यामुळे बटाटे अधिक धरतात, हे २००६ मध्ये डेव्हिड हॅनापेल यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अंजन बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बॅनर्जी नंतर पुण्याच्या आयसर संस्थेत आले आणि बटाट्यावरचे हे काम तिथे चालू राहिले. हा निरोप खाली पोहोचला की तिथले जिबरेलिन कमी होते. जिबरेलिन म्हणजे लांबी वाढवणारे संजीवक. ते उतरल्याशिवाय टोक लांब व्हायचे थांबत नाही, आणि लांब व्हायचे थांबल्याशिवाय फुगत नाही.

आता बाजारातल्या बाटल्या बघा. संजीवकांत सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी एक हेच जिबरेलिन आहे. बटाट्याच्या पिकावर ते मारणे म्हणजे पानाने खाली धाडलेला हुकूम आपण वरून रद्द करणे. गाजरावर मारले तर पाला वाढतो आणि गाजर बारीक राहते. १९५७ मध्ये अँटन लँग यांनी तर दाखवून दिले की, ज्या गाजराला फुलायला थंडी लागते, ते जिबरेलिन दिल्यावर थंडीशिवायच फुलाचा दांडा काढते. मुळ्यालाही याने दांडा येऊ शकतो. दांडा आला की कोठारातली साखर वर फुलाकडे जाते आणि मुळा दडस होऊन आतून पोकळ होतो. डिंगऱ्यांची भाजी ज्यांना आवडते त्यांचे ठीक, पण मुळा विकायला बसलेल्याचे काय?

मुळ्याची विरळणी करायला सांगणारी जुनी माणसे हेच सांगत होती, फक्त त्यांच्याकडे जिबरेलिन हा शब्द नव्हता. रोपे दाटीत असली की शेजारच्या पानावरून परतलेला प्रकाश झाडाला सावलीची वर्दी देतो. मग झाड स्वतःचे ऑक्सिन आणि जिबरेलिन देठाकडे लावते आणि उंच होऊ बघते. विरळणीला दोन तास आणि एक विळी पुरते. युरियाचा हात सैल सोडला तरीही पाला माजतो आणि खाली काही धरत नाही. रताळ्याचे वेल उलटणारा शेतकरी ते ओळखून असतो.

आपल्या भागात एक पीक असे आहे की, ते ही सगळी मांडणी आणखी गुंतागुंतीची करते. जांभळे कोनफळ, ज्याला बाजारात नुसते 'कंद' म्हणतात आणि संक्रांतीला गुजराती शेजारी ज्याशिवाय उंधियू लावत नाहीत, ते. पावसाच्या तोंडावर लावायचे, दिवस लहान होऊ लागले की पोसायला लागते आणि थंडीत काढायचे. इथपर्यंत ते बटाट्याचे भावंड वाटते. पण ताजा बटाटा बियाण्यासाठी लवकर उगवावा म्हणून जिबरेलिनच्या अगदी पातळ द्रावणात बुडवतात, तेव्हा त्याची झोप मोडते. कोनफळाच्या कुळात त्याच जिबरेलिनने झोप लांबते आणि कंदाला कोंब उशिरा येतात. म्हणजे एकाच बाटलीतले एकच द्रव्य एका कंदाला जागे करते आणि दुसऱ्याला झोपवते. तेव्हा 'कंदवर्गीय पिकांसाठी उत्तम' असे छापलेले लेबल दिसले की, मला पहिला प्रश्न पडतो: कोणत्या कंदासाठी?

याच कुळातल्या करांद्याचे कंद वेलावर, पानाच्या बेचक्यात हवेत लटकतात. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ते कुणाला नवे नाहीत. आयसरच्या गटाने बटाट्यातले जनुकांवर पहारा ठेवणारे एक प्रथिन वाढवले, तेव्हा बटाट्यालाही असेच बेचक्यात, हवेत कंद धरले. कंद कुठे धरायचा हेसुद्धा झाडाच्या आतल्या हिशेबावर ठरते. तो हिशेब बाहेरून एका फवाऱ्याने जुळवता येत नाही.

मी संजीवकांच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. नाशिकच्या द्राक्षाचा मणी जिबरेलिनशिवाय आज दिसतो तसा दिसणार नाही. कोकणातल्या हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल देतात, तेही जिबरेलिन रोखणारे रसायन. त्या पिकांत हवा असलेला भाग वर दिसतो आणि मात्रा व वेळ यांवर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. जिबरेलिन रोखणाऱ्या रसायनांनी बटाट्याचे उत्पादन वाढल्याचे प्रयोगही आहेत. मग मुळ्याला तेच का देऊ नये? कारण ही रसायने मुळा स्वतः तयार करत नाही. ती माणसाने बनवलेली आहेत, त्यांचे अंश मागे राहतात, आणि पॅक्लोब्युट्राझोल तर मातीत महिनोन् महिने टिकते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ताटात येणाऱ्या आणि सालीसकट कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकाला ते देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. अंशांची किंमत काय असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातदारांसह बागाईतदारांचे कंबरडे मोडले. नायगावच्या गिऱ्हाइकाने भ्यायचेच तर याला भ्यावे. इंजेक्शन मनातून काढून टाकावे.

मात्र गिऱ्हाइकाला आणि शेतकऱ्यालाही बाटलीत काय आहे ते कळणार कसे? इथे कायद्याची दोन दारे आहेत. जिबरेलिनसारखी वाढनियंत्रके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांची नोंदणी होते, पीक आणि मात्रा ठरते. दुसरे दार 'जैव उत्तेजकां'चे: समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ले वगैरे. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्याआधी या दाराला कडीच नव्हती. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितले की, अशी सुमारे ३० हजार उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती आणि काटेकोर छाननीनंतर सुमारे ६५० उरली. हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. शेवाळाच्या अर्काचा उपयोग होतो, त्यात थोडी सायटोकायनिनेही असतात. पण बाकीच्या हजारो बाटल्यांत काय होते आणि ते कुणाच्या पैशाने विकत घेतले गेले? लेबलावर द्रव्याचे नाव, त्याचे प्रमाण, कोणत्या पिकाला द्यायचे आणि कोणत्या पिकाला अजिबात द्यायचे नाही, हे ठसठशीत मराठीत छापायला लावणे अवघड नाही. शेवटची ओळ, 'यांना देऊ नये', ही तर मी सक्तीची करीन.

आता विहिरीकडे येतो. नायगाव वसईच्या खाडीच्या मुखाशी आहे. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा, पूर्वेला उभे राहिलेले टॉवर आणि पश्चिमेला उमेळ्याकडे जाताना लागणाऱ्या वाड्या. मिठागर आणि भाजीचा मळा इतके जवळ असतात की, दोघांनाही एकच भरती कळते. विहिरीचे पाणी मचूळ होणे ही इथली जुनी दुखरी नस. पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध वसईकरांनी आंदोलने केली, ती उगाच नव्हे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हिशेबाचा ठोकताळा असा की, गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली, तर खाली खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटरने वर सरकू शकते. उपसा वाढला आणि पाऊस जमिनीत मुरायला मोकळी जागा उरली नाही, की मीठ येणारच.

त्या मिठाला मूळ काय उत्तर देते? पहिले उत्तर पळण्याचे. २०१३ मध्ये डच शास्त्रज्ञांनी दाखवले की, एका बाजूने मीठ आले तर मूळ दुसऱ्या बाजूला वळते. गुरुत्वाकर्षण खाली बोलावत असतानाही ते वळते, आणि हे वळणे ऑक्सिन एका कडेकडून दुसरीकडे सरकल्याने होते. सगळीकडेच मीठ असेल तर पळणार कुठे? मग मुळे आणि पाने ॲब्सिसिक आम्ल बनवतात. पानांची छिद्रे मिटतात, पाणी वाचते, पण हवा आत येणेही थांबते आणि साखर तयार होणे मंदावते. लूमिस-टॉरींच्या नळीतली साखर आठवावी. मुळ्याने आपल्या संजीवकांनी घेतलेला हा शहाणा निर्णय असतो: जगायचे, फुगायचे नाही. अशा वेळी वरून वाढीचे टॉनिक मारणे म्हणजे दुष्काळात काटकसर करणाऱ्या घराला लग्न मोठे करायचा आग्रह करणे.

कोणते पीक किती मीठ सोसते याचे तक्ते मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्येच दिले आणि जगभर तेच वापरतात. मातीतल्या क्षारांचे माप विद्युतवाहकतेवर, डेसीसायमन प्रति मीटर या एककात, घेतात. गाजर १.० पर्यंत बिनतक्रार वाढते, मुळा आणि कांदा १.२ पर्यंत, रताळे १.५, बटाटा १.७. त्यापुढे दर एककामागे गाजर सुमारे १४ टक्के आणि मुळा सुमारे १३ टक्के उत्पादन गमावतो. १.० म्हणजे किती? साधारण पन्नास बादल्या गोड्या पाण्यात समुद्राची एक बादली. जिभेला ते जेमतेम कळेल, गाजराला लगेच कळते. या यादीत बीट मात्र ४.० पर्यंत तग धरते, कारण त्याचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकाठी उगवतो. मचूळ विहिरीच्या वाडीत मुळा खुरटत असेल, तर टॉनिक बदलण्याऐवजी एका वाफ्यात बीट लावून बघणे शहाणपणाचे.

सरकारचे काय चुकते तेही सांगतो. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यातल्या बारा मापांत मातीची विद्युतवाहकता आहे, ही चांगली गोष्ट. पण ती मातीची, आणि काही वर्षांतून एकदा घेतलेली. विहिरीच्या पाण्याचे माप तिच्यात नाही. खाडीकाठी पाणी पावसानंतर गोड असते आणि मार्च-एप्रिलपर्यंत खारट होत जाते. एका दिवसाचा नमुना त्या वाडीबद्दल काहीच सांगत नाही. देशावरच्या काळ्या जमिनीसाठी आखलेला कागद वसईच्या वाडीला जसाच्या तसा लावला आहे.

खिशात मावणारे विद्युतवाहकता मोजायचे मीटर हजार-दोन हजार रुपयांत मिळते, म्हणजे टॉनिकच्या दोन-तीन बाटल्यांच्या किमतीत. एका पाड्याला, एका आळीला एक पुरे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि महापालिकेने मिळून नायगाव, उमेळे, जूचंद्रच्या विहिरींची दर दोन महिन्यांनी नोंद घ्यावी आणि आकडे विहिरीवरच खडूने लिहून ठेवावेत. जूचंद्रच्या रांगोळीकारांच्या गावात खडू आणि हात दोन्हींची वाण नाही. पहिला आकडा नोव्हेंबरात, मुळ्याचे बी टाकण्याआधी घ्यायला हवा. दुसरा जानेवारीत, कोनफळ काढताना.